बोरीहून आणलेले एकतीस किडे

परभणी जिल्ह्यात माणसं बदली झाली म्हणून जातात, सोयरीक जमली म्हणून जातात, नाहीतर गेल्यावाचून गत्यंतर नसतं म्हणून जातात. मी किडे आणायला गेलो होतो. परत आल्यावर ज्यांनी ज्यांनी "कसा झाला प्रवास?" विचारलं त्यांना मी "छान" म्हणून वाटेला लावलं. ते खोटं होतं. आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा खोटं बोलायला नको.

आधी किड्याविषयी. बोटाच्या पेराएवढा, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेला हा भुंगा ओल्या मातीत, दगडांखाली राहतो. डिवचला की मागच्या टोकातून फट्‌ असा आवाज करून उकळत्या पाण्यासारखा फवारा मारतो. पोटात दोन रसायनं वेगवेगळी साठवलेली असतात. वेळ आली की ती एका टणक कोठडीत एकत्र येतात, उकळतात आणि नेम धरून शत्रूच्या तोंडावर उडतात. माझ्या अर्जात या किड्याचं भारदस्त लॅटिन नाव होतं. मराठीत त्याला पादरा किडा म्हणतात. हे नाव आमच्या विभागात ज्या दिवशी फुटलं त्या दिवसापासून माझ्या सहा वर्षांच्या संशोधनाची काय शोभा झाली असेल, ते वाचकांनीच ओळखावं.

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. माझा प्रश्न साधा होता. असलं उकळतं पोटात बाळगून हा किडा स्वतः शिजत कसा नाही? माझा अंदाज असा की फवारा सलग धारेचा नसावा. झडप उघडत असावी, मिटत असावी, पुन्हा उघडत असावी, एका फटकाऱ्यात कितीतरी वेळा, आणि मधल्या मधल्या क्षणांत कोठडी निवत असावी. तसं असेल तर त्याच धर्तीवर फवारणीच्या पंपाचं तोंड बनवता येईल. मग औषधाचं धुकं होणार नाही, ते तुटक थेंबांनी पुढे पानावर जाऊन बसेल, आणि पंप मारणाऱ्याच्या अंगावर परत येणार नाही.

हे बघायला सेकंदाला हजारो चित्रं घेणारा कॅमेरा हवा. दोन वर्षांच्या पत्रापत्रीनंतर मुंबईच्या एका संस्थेनं तो आठ दिवसांसाठी दिला. गुरुवारी आला, पुढच्या गुरुवारी सकाळी परत जायचा. विभागप्रमुखांनी बजावलं होतं की या खेपेला चित्रात काही दिसलं नाही तर फाईल बंद. कॅमेरा पेटीतून बाहेर निघाला आणि पुण्यात महिनाभर खपून जमवलेले माझे नऊ किडे त्याच रात्री मेले. मी फार वेळ डोकं धरून बसलो होतो. मग खणातलं एक पोस्टकार्ड आठवलं. एका मासिकातला माझा लेख वाचून बोरी गावच्या वाकळे गुरुजींनी लिहिलं होतं, "आमच्या नदीकाठी हे किडे उदंड आहेत. केव्हाही या." शुक्रवारी मी निघालो.

परभणी, शनिवार

मनमाडला लहान रुळांच्या गाडीत बसलो, त्यापुढचं वर्णन करत नाही. परभणीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती आणि भाद्रपदाचं ऊन डोक्यात शिरत होतं. स्टेशनसमोरच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि लाल तर्रीची आमटी पुढे आली. पुण्यात आम्ही आमटीत गूळ घालतो आणि तिला चव म्हणतो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं न विचारता दह्याची वाटी पाठवली.

"पाव्हनं, कुनीकडं निगालाव?" त्यानं विचारलं.

"बोरीला."

"काय काम काढलं?"

मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "किडे न्यायला? मंग आमच्या कापसावरचे बी घिऊन जावा. मोठी मेहरबानी होईल." खानावळ हसली. मीही हसलो. त्या आठवड्यात मी हसलो ते एवढंच.

बोरी, रविवार

शनिवारीच जिंतूरच्या एस.टी.नं बोरीला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. वाकळे गुरुजींचं घर विचारल्यावर पारावरच्या एकानं माझ्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं, आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडे हात केला. तेवढ्यात गुरुजीच सायकल हातात धरून समोर आले. चाळिशीचे, सडपातळ, पांढरा सदरा. "जय भीम, सर," ते म्हणाले. मी नमस्कार म्हणालो आणि चालता चालता उगीच अवघडलो. त्यांनी माझी वळकटी कॅरियरला बांधून टाकली होती.

घर मातीचं, पण आरशासारखं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी, आणि तिच्यावर माझा लेख असलेलं ते मासिक, कव्हर घातलेलं. आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात, म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय राहते. इथं ती सोय नाही. चहा आला, मग अंबाडीची भाजी, भाकरी, कच्चं तेल, ठेचा आला, आणि माझ्या ताटात भाकरी पडत राहिली.

रविवारी सकाळी आम्ही करपरा नदीच्या काठी गेलो. नदी उतरली होती, काठाची माती ओली होती. पहिलाच दगड उलथला आणि खाली दोन किडे. सहा वर्षं ज्याच्यामागे धावलो तो असा पायाशी पडलेला बघून मी शुद्ध हरपल्यासारखा झालो असणार, कारण चिमटा खिशात असताना मी तो बोटांनी उचलला.

फट्‌. अंगठा आणि तर्जनी पेटल्यासारखी झाली. मी जो ओरडलो, तो शेजारच्या कापसात खुरपणाऱ्या बायकांच्या कानावर गेला. आठ-दहा जणी खुरपी टाकून धावत आल्या. साप चावला असंच त्यांना वाटलं. किडा कधीच पळाला होता.

त्यांची पुढारीण चंद्रभागाबाई. गुरुजींची चुलतबहीण, पन्नाशीची, गाव तिला अक्का म्हणतं. तिनं माझा हात धरून बोटं बघितली. कातडीवर तपकिरी डाग पडला होता.

"लय नाजूक हात हाय सायेबाचा," ती बाकीच्यांना म्हणाली. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग मला, "ह्ये पादरं किडं कामून धरायलाव तुमी?"

चूक माझीच, की मी व्याख्यान दिलं. दगडावर बसून, बोट पाण्यात बुडवून, मी त्या बायकांना झडप, कोठडी, पंप सगळं समजावलं. अक्कानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी पंप मारनाऱ्याच्या अंगावर औषद येनार न्हाई?"

"नाही येणार," मी म्हणालो. येऊ नये असा प्रयत्न आहे, असं म्हणायला हवं होतं. सहा वर्षांत माझं इतकं लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे माणूस वाहवतो.

"मव्हा भाऊ गनपत पंप मारतो," ती म्हणाली. "तुमी हात लावू नका आता. आमी जमा करून देताव. किती पायजेत?"

"वीस-पंचवीस. पण जिवंत हवेत. एकही मरता कामा नये."

"मरनार न्हाईत. फिकीर करू नका."

मला बरं वाटलं. बोट ठणकत होतं, ऊन वाढत होतं, आणि दुसरं कुणीतरी काम करणार होतं. जिवंत हवेत, एवढंच मी सांगितलं. आणखी काही सांगायला हवं होतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बोरी, सोमवार

गणपत बघायला मिळावा म्हणून मी गुरुजींबरोबर शेतावर गेलो. कापूस कमरेएवढा झाला होता. त्यात एक माणूस पाठीवर टाकी घेऊन अनवाणी चालला होता. एका हातानं दांडा मारत होता, दुसऱ्या हातात नळी. वारा समोरून होता. नळीतून धुकं निघत होतं, हातभर पुढे जात होतं आणि वळून त्याच्याच छातीवर, तोंडावर येत होतं. टाकीच्या खालच्या जोडातून वेगळी गळती, ती पाठीवरून धोतरात. तोंडाला फडकं बांधलं होतं, ते ओलं होतं.

ओळ संपल्यावर तो आमच्याजवळ आला. वय पस्तीसच्या वर नसेल. डोळे लाल आणि पाणावलेले. गुरुजींनी ओळख करून दिली.

"अक्का सांगत व्हती," तो म्हणाला. "किड्यावानी पंप."

"त्रास होतो का?" मी विचारलं. पुणेरी प्रश्न.

"तकलीफ म्हंजी काय, दुपारच्याला अक्षर दिसत न्हाई. मान्सं दिसतेत. कदी उलटी होती. गूळ खाल्ला की बरं वाटतंय."

"मग वारा पाठीशी घेऊन का मारत नाही?"

"वारा पाठीशी घेतला तर निम्म्या ओळी उलट्या चालाव्या लागतेत. मालक म्हनतो, दिवस मावळायच्या आत चार एकर झालं पायजे." त्यानं विहिरीवर जाऊन हातपाय धुतले आणि चहाची बशी घेतली. बशी थरथरून चहा सांडला. त्यानं ती जमिनीवर ठेवली आणि वाकून तोंड लावून प्याला. गुरुजी दुसरीकडे बघत होते.

परतताना मी मनात पंपाच्या तोंडाची आकृती काढत होतो. भोक किती, झडप कसली, स्प्रिंग कुठं बसवायची. इतकं स्पष्ट मला पूर्वी कधी दिसलं नव्हतं. बुधवारी चित्रं मिळाली की पुढच्या खरिपापर्यंत पहिला पंप गणपतच्या पाठीवर द्यायचा, असं मी गुरुजींना बोलून दाखवलं. त्यांनी ते घरी जाऊन अक्काला सांगितलं.

बोरी, मंगळवार

दुपारी अक्का आणि दोघी-तिघी डबा घेऊन आल्या. गोड्या तेलाचा रिकामा डबा, तळाला ओली माती, तोंडाला फडकं. आत एकतीस किडे.

मी डबा जपून हलवला. एकही फटका नाही. काडीनं माती सारखी केली, तरी किडे शांत. नुसते मागचं टोक वर उचलत आणि पुन्हा मातीत शिरत. पुण्यातले माझे नऊ किडे डबा उघडताच फटाफट फुटायचे. हे बोरीचे किडे स्वभावानं गरीब आहेत, ओली माती मानवली आहे, दारूगोळा जपून ठेवतायत, असं काहीबाही मी स्वतःला समजावलं आणि खूश झालो. अक्काच्या आणि त्या दोघी-तिघींच्या बोटांवर तपकिरी डाग होते. ते मला मिसरीचे वाटले.

"झकास काम केलंत," मी म्हणालो.

अक्का हसली. "जाताना डब्यात हात गेला तरी भ्याचं कारन न्हाई," ती म्हणाली. तिच्या या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. एस.टी.ची वेळ झाली होती. निघताना एकीनं धपाटे बांधून दिले, गणपत गुरुजींच्या घरापासून स्टँडपर्यंत डबा डोक्यावर घेऊन आला.

पुणे, बुधवार

डबा मांडीवर धरून मी पुण्यात आलो आणि घरी न जाता थेट कॉलेजात गेलो. एकतीसच्या एकतीस जिवंत. कॅमेरा मांडून ठेवलाच होता. दिवे इतके प्रखर की अंगाला चटका बसे. फिल्मची चार रिळं होती, आणि हा कॅमेरा एक रीळ दोन-तीन सेकंदांत खातो.

पहिला किडा मेणानं टाचणीला चिकटवला. कॅमेरा सुरू केला, चिमट्यानं मागचा पाय दाबला. किड्यानं टोक वळवलं, बरोबर चिमट्यावर नेम धरला. आवाज नाही, फवारा नाही. रीळ संपलं.

दुसरा किडा. दुसरं रीळ. त्याच्या टोकाशी एक ओला ठिपका आला, बस.

मग मी कॅमेरा बंद ठेवून नुसते किडे तपासत गेलो. तिसरा, सातवा, पंधरावा. सगळे इमानदारीनं टोक वळवत होते, नेम धरत होते, आणि काहीही होत नव्हतं. एकतिसावाही तसाच निघाला. शेजारच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना बोलावून आणलं. त्यांनी दोन किडे भिंगाखाली बघितले.

"रिकामे केलेत हे," ते म्हणाले. "पुन्हा भरायला बरेच दिवस लागतील. तेही पोटभर खायला मिळालं तर."

गुरुवारी सकाळी कॅमेरा पेटीत गेला. उरलेली दोन रिळं मी तशीच परत केली. विभागप्रमुख वाईट माणूस नाही. त्यांनी फाईलवर सही करताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतरचे किती दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. वर्गात उभा राहायचो, फळ्याकडे तोंड करायचो आणि खडू हातात तसाच राहायचा. बायको म्हणायची, जेवा. मी जेवायचो. आपलं सगळं आयुष्य या एका डब्यात होतं आणि डबा रिकामा निघाला, असं मला वाटत होतं, आणि ते खोटं आहे असं मला आजही म्हणता येत नाही.

गुरुजींना पत्र टाकून विचारलं. त्यांचं उत्तर चार पानी आलं. खुरपायला जाणाऱ्या बायका तान्ही मुलं बरोबर नेतात आणि बांधावर, सावलीला निजवतात. मूल खाली ठेवण्याआधी त्या जागेचे दगड-ढेकळं उलथून बघायची त्यांची रीत आहे. पादरा किडा सापडला तर मारत नाहीत, तो पिकाचं काही खात नाही. तुरीच्या काडीनं त्याला डिवचत बसतात, फटके थांबेपर्यंत, आणि मग सोडतात. म्हणजे मुलानं उचलला तरी भाजत नाही. "आपण त्या दिवशी ओरडलात," गुरुजींनी लिहिलं होतं, "तेव्हापासून अक्काला आपल्या हाताची काळजी लागली होती. प्रत्येक किडा तिनं स्वतः दोनदा तपासून डब्यात घातला. चूक माझी आहे सर. मी विज्ञान शिकवतो, मला कळायला हवं होतं."

मला त्यांचा राग आला नाही. राग यायला कुणीतरी वाईट वागलेलं असावं लागतं.

पुणे, दिवाळीनंतर

इथं खरं म्हणजे प्रवासवर्णन संपायला हवं. पण एका दुपारी शिपाई सांगत आला की फाटकाशी कुणी बाई तुमचं नाव लिहिलेला कागद घेऊन उभी आहे.

अक्का होती. बोरीकडची टोळी ऊसतोडीला निघाली होती. ट्रक पुण्याजवळ कुठंसा नादुरुस्त होऊन थांबला, तेव्हा मुकादमाची परवानगी काढून ती विचारत विचारत आली होती. कडेवर लहान हंडी, तोंडाला पळसाचं पान बांधलेलं.

मी तिला प्रयोगशाळेत नेलं. खुर्ची दिली, ती खाली बसली.

"गुरुजींनी समदं सांगितलं," ती म्हणाली. "आमचीच कसूर झाली. आता भरलेले आनलेत. काडी लावली न्हाई. पान आडवं धरायचं आन्‌ किडा आपल्या पायानं पानावर येस्तोवर बसायचं. तेराच घावले." तिची बोटं तरीही डागाळलेली होती, दोन ठिकाणी कातडी सोललेली होती. "आता काडा फोटू."

मी तिला खरं सांगितलं. कॅमेरा गेला. परत मिळणार नाही. काम बंद झालं.

तिनं खोलीभर नजर फिरवली. मोकळं टेबल, दिव्यांच्या दांड्या.

"मंग पंप?"

"होणार नाही, अक्का."

"गनपत न्हाई आला तोडीला. त्याला आता मान्सं बी नीट दिसत न्हाईत. मालक म्हनतो, पुढच्या साली बी पंप तूच मार, दुसऱ्याला जमत न्हाई. मारावा का त्यानं?"

"नको. मारू नये."

"मंग काय करावं?"

मी इंजिनिअर आहे. मी खाली, तिच्यासमोर फरशीवर बसलो, एवढंच मला सुचलं.

तिनं हंडीवरच्या पानाची गाठ चाचपली. मग म्हणाली, "हितं झाडायला कोन येतंय?"

"एक बाई येते."

"तिचं लेकरू असतंय संगं?"

"असतं कधी कधी."

तिनं गाठ सोडली. माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली. पहिला किडा पानावर घेऊन खाली ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकानं त्याच्या पायाला डिवचलं. फट्‌. फरशीवरून वाफ उठली. पुन्हा फट्‌. मी कान देऊन ऐकत होतो. त्या आवाजाच्या पोटात एक बारीक घरघर होती, एकसंध नसलेली, तुटक. माझा अंदाज बहुतेक बरोबर होता. मी काही लिहून घेतलं नाही. अक्का मान खाली घालून, एकेका किड्याला, तो गप्प होईपर्यंत डिवचत राहिली, आणि रिकामा झालेला बाजूला ठेवत राहिली.

तेरावा संपला. तिनं तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"धरा आता," ती म्हणाली. "काई करत न्हाई."